तेवीस पावलं

१

टॅलाहून सकाळची लुआस ट्राम पकडायची, डब्लिन शहरात उतरून बस घ्यायची आणि दहाच्या ठोक्याला बॉल्सब्रिजच्या त्या गल्लीतलं हिरवं दार वाजवायचं. एप्रिल २०२१च्या अखेरीपासून कौमुदीचा हा नेम झाला होता. पर्समध्ये मास्कची जोडी, डब्यात पोळीभाजी, आणि नवऱ्याला जाता जाता एक मेसेज, "पोचले." नवरा हर्षवर्धन टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. कोविडच्या त्या दीड वर्षात तो घरी माणसासारखा कमी आणि पाहुण्यासारखा जास्त यायचा.

कौमुदी मूळची नाशिकची. आठ वर्षं तिने एका कारखान्यात भिंगाखाली हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासल्या होत्या. केसाएवढा ओरखडा दिसला तरी नळी बाद. कोविडमध्ये कंत्राट संपलं, भिंग सुटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठे? घरातल्या फोटोची चौकट दोन मिलिमीटर कलली असली, तरी हिला जेवण जात नसे.

म्हणूनच तर हे काम मिळालं. नेव्हिन एरगुवेन नावाच्या तुर्की चित्रकार बाईंना सगळ्या कामाची नोंद करणारं कुणीतरी हवं होतं. बाईंनी मुलाखतीला एकच प्रश्न विचारला. टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाल्या, "यात काय चुकलंय?"

"उजवा कोपरा तीन मिलिमीटर बाहेर आहे," कौमुदी म्हणाली.

"उद्यापासून ये," बाई म्हणाल्या. "आणि मला मॅडम म्हणू नकोस. आब्ला म्हण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात."

कौमुदीला बरं वाटलं. तिच्या मनात त्या नेव्हिनताई झाल्या.

२

नेव्हिनताईंचं काम सांगायला सोपं. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की नाणं उमटतं, हा उद्योग शाळेत आपण सगळ्यांनीच केलाय. ताईंनी तोच उद्योग आयुष्यभर जमिनींवर केला. जिथे जिथे राहिल्या त्या भाड्याच्या खोलीत गुडघे टेकायचे, जमिनीवर कागद अंथरायचा आणि काळ्या शिशाची जाड कांडी त्यावरून घासायची. लाकडाच्या रेषा, फरशीच्या भेगा, सगळं वर यायचं. पहिला कागद १९८९चा, आईच्या स्वयंपाकघराचा. मग बर्लिन, रॉटरडॅम, ग्लासगो, मध्ये तीन वर्षं इस्तंबूल, आणि शेवटचा कागद २०१८चा, डब्लिनचा. एकूण तेवीस. त्यावर प्रदर्शनं झाली, बक्षिसं मिळाली. घराच्या जमिनींवर ताईंनी स्वतःही दोन जाडजूड ग्रंथ लिहिले, विद्यापीठात शिकवलं. आता जुलैमध्ये स्लायगोला तेवीसच्या तेवीस कागद पहिल्यांदा एकत्र लागायचे होते.

ताईंचा एक नियम मात्र विचित्र होता. टेबलावर एका वेळी दोनच कागद. आणि लागोपाठच्या वर्षांचे दोन तर कधीच शेजारी ठेवायचे नाहीत.

"का हो?"

"सवय," त्या म्हणाल्या.

प्रदर्शनांतही हे कागद कायम उलटसुलट लागलेले. समीक्षकांनी त्या उलटसुलटपणावर पानंच्या पानं लिहिली होती. कौमुदी मनात म्हणाली, कलावंत मंडळी, चालायचंच. ती मुकाट्याने लांबी-रुंदी मोजत राहिली.

सहाव्या दिवशी तिला तो डाग दिसला. १९९७चा कागद, रॉटरडॅमचा. काळ्याभोर घासणीत एक लांबट फिकट जागा राहिली होती, शिसं तिथे लागलंच नव्हतं. तिने पट्टी लावली, साडेबावीस सेंटिमीटर. वहीत लिहिलं, "मध्यभागी फिकट डाग." पुढचा कागद २००६चा. त्यातही डाग, साडेबावीस. १९९१, साडेबावीस. भिंग लावल्यावर डागाच्या वरच्या टोकाला पाच ठिपके दिसले, एक मोठा आणि चार उतरत्या मापाचे.

"आब्ला, घासताना कागदावर कुणी उभं होतं का?"

ताई खिडकीशी कांड्या पुसत होत्या. वळल्या नाहीत.

"कागदात दोष असेल," त्या म्हणाल्या.

कौमुदीने भिंग खाली ठेवलं. तीन कागद, वेगवेगळ्या देशांतल्या दुकानांतले, आणि तिन्हींत एकच दोष! कारखान्यात असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं.

३

घरी आल्यावर तिने स्वतःची समजूत घातली. बाई एकट्या काम करतात, गुडघे टेकतात, कधी पाय पडला असेल. दुसऱ्या दिवशी दारातल्या चपलांना तिने हळूच पट्टी लावली. नेव्हिनताईंचा पाय पंचवीस. म्हणजे तोही मार्ग बंद.

दुपारी ताईंनी प्रेसमधून चहाचे छोटे काचेचे पेले काढले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ताईंच्या तोंडात तो शब्द कौमुदीच्या आधी बसला होता. चहा काळाकुट्ट होता. ताई न विचारताच बोलायला लागल्या.

"माझी आई शिवण शिवायची. पायाचं मशीन. डावा पाय अधू होता, तरी पायडल त्याच पायाने मारायची, हट्टाने. मी बर्लिनला शिकत होते. तार आली, ये. माझं पहिलं प्रदर्शन शुक्रवारी होतं. म्हटलं, उद्घाटन करून शनिवारी निघते." त्यांनी पेला खाली ठेवला. "तिला गुरुवारी पुरलं. मी पोचले तेव्हा स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं. मला तिची एक वस्तूसुद्धा नको होती गं, फक्त ती जिथे उभी राहायची ती जागा हवी होती. म्हणून कागद अंथरला."

गेल्या सप्टेंबरात कौमुदीची आई नाशिकला कोविडने आजारी पडली. विमानं मोजकी होती. हिने सोमवारचं तिकीट काढलं. पण इथलं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं, बाहेर पडलो तर परत घेतील की नाही, हर्षवर्धन वॉर्डात अडकलेला, नऊ वर्षांची लेक स्मृती घरी एकटी. विचार करकरून तिने सोमवारचं तिकीट गुरुवारचं केलं. आई बुधवारी गेली. भावाने फोनवर स्मशान दाखवलं, तेही मध्येच अडकलं.

हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. हर्षवर्धनलाही तिने इतकं कधी सांगितलं नव्हतं.

"एकदा भेटायचंय हो मला तिला," ती म्हणाली. "एकदाच. बाकी काही नको."

नेव्हिनताईंनी तिचा पेला आपल्याकडे ओढला.

"असं मोठ्याने म्हणू नकोस," त्या म्हणाल्या आणि पेले उचलून आत गेल्या.

४

जूनच्या दुसऱ्या गुरुवारी ताई जागा बघायला स्लायगोला गेल्या. कौमुदीने कागद बांधायचे, यादी ताईंनी लिहून ठेवली होती. यादी बघून हिचं डोकंच फिरलं. २००४, मग १९९१, मग २०१५, मग १९८९. ना शेंडा ना बुडखा! एखादा कागद राहून गेला तर कळणार कसं? माल बाहेर पडण्याआधी क्रमाने मांडून मोजायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. एकदा तारखेप्रमाणे लावते, मोजते आणि मग यादीप्रमाणे गुंडाळते, कुणाला कळतंय, असा तिने हिशेब केला.

ताईंचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचा तबेला, पंधराएक मीटर लांब, वर काचेचं छत, दार एकच. तिने १९८९चा कागद पलीकडच्या भिंतीशी ठेवला. त्याला लागून पुढचा. मग पुढचा. तासाभरात तेवीस कागद काठाला काठ लावून दाराजवळ आले. ती २०१८च्या कागदापाशी उभी राहिली आणि मागे बघितलं.

डावं, उजवं, डावं, उजवं. प्रत्येक कागदावर एकेक फिकट पाऊल, बोटं तिच्या दिशेने. सुट्टे बघताना तो डाग होता. आता ती चाल होती.

दुपारचे तीन वाजले होते. छतातून लख्ख ऊन येत होतं. बाहेर कुणीतरी गवत कापण्याचं यंत्र चालवत होतं.

वर्षानुवर्षं गुंडाळलेले कागद ते, कडा वर उचललेल्या. पलीकडच्या भिंतीशी "सप्" असा हलका आवाज झाला. पहिला कागद जमिनीला चिकटून सपाट झाला होता.

ओल असेल, कौमुदी म्हणाली. कागद हवेतली ओल ओढतो आणि बसतो, यात काय नवल! थोड्या वेळाने पहिल्या कागदाच्या कडा पुन्हा वर आल्या आणि दुसरा सपाट झाला. हिने घड्याळ लावलं. आठ मिनिटांनी दुसरा उठला, तिसरा बसला. तो बसताना आवाज जरा वेगळा आला, काहीतरी घासत आणल्यासारखा. ओल काय तारखा बघून लागते?

तिने नेव्हिनताईंना फोन लावला. "आब्ला, माझ्याकडून एक चूक झाली. मी कागद क्रमाने लावले."

पलीकडून ताईंचा प्रश्न आला, अगदी हळू.

"कितव्यावर आहे?"

"कोण?"

"कौमुदी, कितवा कागद?"

"तिसरा."

"डावा पाय ओढत येतोय का?"

"हो," कौमुदी म्हणाली.

"ऐक. मधला एक कागद उचल. कुठलाही. वाट तुटेल, ती तिथेच थांबेल. मी बत्तीस वर्षं हेच करतेय, तिला बोलवायचं आणि वाटेत थांबवायचं. उचल."

कौमुदी बाराव्या कागदापाशी वाकली. कडेला हात लावला.

"नको!" फोनमधून हुंदका आला. "नको उचलूस. मी निघाले."

फोन बंद झाला. खरं तर अजूनही कागद उचलता आला असता. कौमुदीचा हात कडेवरच होता. पण माझी आई अशी येत असती, आणि कुणी परक्या बाईने मधला कागद काढून घेतला असता तर? तिने हात मागे घेतला. त्यानंतर ती दारापाशी स्टुलावर बसली आणि एकेक कागद मोजत राहिली.

५

नेव्हिनताई पोचल्या तेव्हा सहा वाजायला आले होते आणि उन्हं अजून वरच होती. एकविसावा कागद नुकताच बसला होता. ताईंनी कोट काढला, केस सारखे केले. एकसष्ट वर्षांची बाई, पण शाळेत बक्षीस घ्यायला निघाल्यासारखी दिसत होती.

"कोरा कागद दे. आणि कांडी."

कौमुदीने रुळावरून कागद फाडून दिला. ताईंनी तो २०१८च्या कागदाला लावून अंथरला. चोविसावा. त्याच्यासमोर गुडघे टेकले.

"तू बाहेर जा. दार लावून घे."

"आब्ला, मी थांबते ना."

"ती एवढी चालत आलीये. एकटी परत जाणार नाही," ताई म्हणाल्या. "मला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच घाबरत होते. तुझ्या घरी लेक आहे, जा."

हातातला रूळ आणि एक जादा कांडी तशीच घेऊन कौमुदी अंगणात गेली. दार लावलं. आतून कांडी घासल्याचा आवाज येऊ लागला, एका लयीत, खर्र खर्र. मग ताईंचा आवाज. तुर्की काही हिला येत नव्हतं, पण "आन्ने" कळत होतं, आन्ने म्हणजे आई. आवाज बारीक होत होत पाच-सहा वर्षांच्या मुलीचा व्हावा तसा झाला. तक्रार चाललेली, लाडिक, रडवेली.

बघू नये हे तिला कळत होतं. पण दाराला फट होती आणि डोळे आपले नसतात.

नेव्हिनताई गुडघ्यांवर होत्या, मान खाली. हात थांबला होता. समोर कुणीही नव्हतं. फक्त ऊन होतं आणि कागद होते. पण त्यांच्या डोक्यावरचे पांढरे, कुरळे, फुललेले केस हळूहळू दबत होते, मघा कागद दबले तसेच. दबले, मागे सारले गेले, पुन्हा दबले. ताईंचे खांदे सैल पडले आणि त्या हसल्या. असं हसणं कौमुदीने मोठ्या माणसाचं कधी बघितलं नव्हतं. तिला हेवा वाटला. भीती नंतर वाटली, आधी हेवाच वाटला.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

६

गार्डा, म्हणजे इथले पोलीस, आले, दोघं. नाव, पत्ता, शेवटचं कधी बघितलं. कौमुदीने सांगितलं, ताई आत काम करत होत्या, मी अंगणात होते. दुसरं दार नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. माणसं लॉकडाउनमध्ये खचलीत, सँडीमाउंटचा समुद्र जवळ आहे, शोध घेऊ, असं म्हणाले आणि तिला चहा प्यायला सांगितलं. वागायला भली माणसं होती. कागदांकडे मात्र कुणी बघितलं नाही.

कौमुदीने बघितले. गुंडाळताना एकेक. साडेबावीसचं पाऊल होतंच, पण आता बोटं उलट दिशेला होती, टाच दाराकडे. आणि त्याच्या शेजारी दुसरं, पंचवीसचं. तेवीसही कागदांवर, जोडीने, १९८९च्या दिशेने. चोविसावा कागद अर्धाच घासलेला होता, आणि त्याच्यापुढे शिशाच्या धुळीत गुडघ्यांचे दोन ठसे होते.

तिने सगळं यादीप्रमाणे बांधून दिलं. स्लायगोचं प्रदर्शन रद्द झालं. अंगणात बाहेर राहिलेला कोऱ्या कागदाचा रूळ आणि एक कांडी तिने घरी नेली. कुणी विचारलं असतं तर परत केली असती.

७

त्यानंतर महिनाभर तिने रूळ पलंगाखाली ठेवला. हर्षवर्धनला म्हणाली, "काम संपलं." तो म्हणाला, "बरं झालं, जरा आराम कर," आणि सोफ्यावरच झोपला. हर्षवर्धनवर तिचा राग नव्हता. आईची आठवण मात्र आता बसू देईना. भाजी चिरताना यायची, दात घासताना यायची. नाशिकला वर्षश्राद्ध करायचं म्हणून भावाचा फोन आला. तारीख तिथीने आधीच ठरली होती, आणि हिला अजूनही जाता येणार नव्हतं.

मग तिने डोकं लावलं. तपासणीवालं डोकं. नेव्हिनताईंच्या आईला पोचायला बत्तीस वर्षं लागली. एका कागदाला एक पाऊल. आपण एकच कागद घासायचा, दुसरा घासायचाच नाही. वाट होणारच नाही, मग यायचा प्रश्न कुठे येतो? फक्त लांबून एक पाऊल बघायचं, निघालीये एवढं कळलं तरी पुरे. आणि समजा, वाट झालीच, तरी बत्तीस वर्षं. तोवर स्मृती चाळिशी ओलांडेल, तिचं तिचं घर असेल. हिशेबात कुठेही चूक नव्हती, तिने दोनदा तपासला.

शनिवारी दुपारी हर्षवर्धन ड्युटीवर गेला. स्मृती तिच्या खोलीत टॅब्लेटवर मैत्रिणीशी गप्पा मारत होती, मध्येच खिदळत होती. कौमुदीने स्वयंपाकघरातली खुर्ची सारली, जमिनीवर कागद अंथरला, गुडघे टेकले.

पलीकडच्या काठापासून सुरुवात केली. पाऊल तिथेच असणार, लांब. खर्र खर्र. लॅमिनेटच्या रेषा आल्या, एक जळका डाग आला. पाऊल नाही. अर्धा कागद झाला. काहीच नाही. तिला रडू यायला लागलं. म्हणजे आई निघालीच नाही? गुरुवारचं तिकीट काढणाऱ्या मुलीकडे कशाला येईल म्हणा! ती घासत राहिली, आता डोळे पुसत, काळ्या हातांनी चेहरा काळा करत.

कागद संपत आला आणि कांडीखाली फिकट जागा राहिली.

पाऊल अलीकडच्या काठावर होतं, तिच्या गुडघ्यांपासून चार बोटांवर. स्मृतीचं असेल, ती म्हणाली. स्मृतीचा पाय एकवीस. पट्टी हाताशी होती, हे चोवीस भरलं. उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. हे पाय तिने लहानपणी चेपले होते.

आणि पाऊल एक नव्हतं. दोन होती, टाचेला टाच लावून. चालणाऱ्या माणसाचं एका कागदावर एक पाऊल उमटतं. दोन उमटतात ती उभ्या माणसाची.

आईला वाटेत वेळ लागलाच नव्हता. ती गेल्या सप्टेंबरपासून इथेच, ओट्याशी, मुलगी कधी बघेल म्हणून उभी होती.

"मम्मा!" आतून स्मृतीने हाक मारली. "मम्मा, कॅन यू कम हिअर अ सेक?"

उठायला हवं होतं. कागद टरकावून टाकायला हवा होता. कौमुदीला हे सगळं स्वच्छ कळत होतं, नेव्हिनताईंच्या गुडघ्यांचे रिकामे ठसेसुद्धा आठवत होते. लेकीचा आवाज दहा पावलांवर होता. कौमुदीच्या भांगापाशी केस हळूच दबले.

"मम्मा?"

"एक मिनिट हं, बाळा," कौमुदी म्हणाली आणि तिने मान खाली घातली.